अपघात ‘वॉज हॅपन्ड’ का होतो?

‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड ॲट नाइट.’ मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या कोणालाही हे वाक्य ओळखीचे वाटेल. ‘माय ग्रँडफादर वॉज डाइड’, ‘द बस वॉज अरायव्ह्ड’, ‘द कमिटी इज कन्सिस्टेड ऑफ फाइव्ह मेंबर्स’ ही त्याचीच भावंडे. शिक्षक त्या ‘वॉज’खाली लाल रेघ मारतात, ‘सिली मिस्टेक’ असा शेरा देतात आणि पुढची वही उघडतात. आठ दिवसांनी तोच मुलगा तेच वाक्य पुन्हा लिहितो.

ही चूक सिली नाही, असे माझे ठाम मत आहे. निष्काळजीपणाने झालेली चूक आज एक आणि उद्या दुसरी असते. ही मात्र वर्षानुवर्षे, हुशार मुलांच्याही वहीत, ठरावीक क्रियापदांपाशीच येते. शिवाय ती मराठी मुलांपुरती नाही. हिरोयुकी ओशिता या अभ्यासकाने इटालियन, स्पॅनिश, कोरियन आणि जपानी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन तपासले, त्यातही हीच वाक्ये निघाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘व्हॉट इज हॅपन्ड’ हे चुकीचे शब्द मुद्दाम ठेवलेले आहेत. इतक्या निरनिराळ्या भाषांतली माणसे एकाच जागी अडखळत असतील, तर अडखळण्याचे कारण त्या जागेतच शोधायला हवे. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हेच बजावले होते: विद्यार्थ्याची चूक म्हणजे त्याने मनाशी कोणता नियम बांधला आहे याचा पुरावा असतो, म्हणून ती खोडण्याआधी वाचावी.

तेव्हा आधी ती वाचू.

इंग्रजीत पॅसिव्ह करायचा म्हणजे कर्म उचलून कर्त्याच्या जागी बसवायचे, ‘बी’चे योग्य रूप घ्यायचे आणि क्रियापदाचे तिसरे रूप जोडायचे. क्लासच्या भाषेत ‘बी प्लस व्ही थ्री’. ‘समवन ब्रोक द विंडो’चे ‘द विंडो वॉज ब्रोकन’. यासाठी क्रियापद सकर्मक हवे. ‘हॅपन’, ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘फॉल’, ‘अपिअर’ ही अकर्मक आहेत. त्यांना कर्मच नाही, म्हणून पॅसिव्हही नाही. इथवर सगळ्या गाईडांत दिलेले असते. मुलांना हा नियम पाठही असतो. मग गंमत अशी की हीच मुले ‘ही वॉज लाफ्ड लाउडली’ किंवा ‘शी वॉज रन टु स्कूल’ असे सहसा लिहीत नाहीत. ‘लाफ’ आणि ‘रन’ही अकर्मकच की! मग ‘वॉज’ नेमका ‘हॅपन’ आणि ‘डाय’लाच का चिकटतो?

याचे उत्तर डेव्हिड पर्लमटर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेल्या एका विचारात सापडते. अकर्मक क्रियापदे एका जातीची नसून दोन जातींची असतात, असे त्याने दाखवले. हसणे, धावणे, बोलणे, नाचणे या क्रिया कर्ता स्वतः करतो. पडणे, मरणे, घडणे, पिकणे, उगवणे, बुडणे या क्रिया कर्त्याच्या बाबतीत होतात. झाड पडते तेव्हा झाड काही करत नाही, त्याला काहीतरी होते. व्याकरणाने ‘झाड’ कर्ता असला तरी अर्थाने तो कर्माच्या जागचा आहे. आपल्या कानालाही हा फरक कळतो. ‘पडलेले झाड’, ‘पिकलेला आंबा’, ‘बुडालेली होडी’ सहज म्हणता येते. ‘हसलेला मुलगा’ किंवा ‘नाचलेली मुलगी’ म्हणताना जीभ थबकते. इंग्रजीतही ‘अ फॉलन ट्री’ चालते, ‘अ लाफ्ड बॉय’ चालत नाही.

आता मुलाच्या जागी बसून विचार करा. पॅसिव्ह शिकताना त्याने मनात एक सूत्र पक्के केले की ज्याने केले नाही, ज्याला झाले, तो पुढे आला की ‘वॉज’ लावायचा. अपघाताने काही केले नाही, तो झाला. आजोबांनी काही केले नाही, त्यांना मरण आले. मग लाव ‘वॉज’. तर्कात खोट नाही. इंग्रजीने ही खूण उमटवायची नाही असे ठरवले आहे एवढेच, आणि ते त्याला कोणी सांगितलेले नाही.

खुद्द इंग्रजी तरी पूर्वीपासून अशी होती का? नव्हती. जुन्या इंग्रजीत जाणे, येणे, होणे, पडणे अशा क्रियापदांच्या पूर्ण काळाला ‘हॅव’ऐवजी ‘बी’ लागत असे. ‘ही इज कम’, ‘शी इज अराइव्ह्ड’ अशी वाक्ये शेक्सपिअरच्या काळात शुद्ध होती आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. आज त्यातले ‘ही इज गॉन’ तेवढे उरले आहे. जर्मन आणि फ्रेंच भाषांत मरणे, येणे, पडणे यांना आजही असण्याचेच सहायक क्रियापद लागते. म्हणजे आपला विद्यार्थी जिथे चुकतो, तिथे तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनकराला चूक दिसलीच असती असे नाही.

जगभरच्या विद्यार्थ्यांची ही सामाईक गोष्ट झाली. मराठी मुलाच्या बाबतीत त्यात आपल्या भाषेचीही भर पडते, आणि माझ्या मते वर्गात सर्वांत कमी बोलले जाते ते याबद्दलच.

मराठीत ‘आहे’ हे एकच क्रियापद दोन कामे करते. ‘रस्ता बांधला जात आहे’ यातही ‘आहे’, आणि ‘रस्ता बांधला गेला आहे’ यातही ‘आहे’. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. पहिल्याला ‘इज’, दुसऱ्याला ‘हॅज’. मराठी मुलाच्या डोक्यात ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे पहिलीपासून ठसलेले. त्यामुळे ‘अपघात झाला आहे’चे तो ‘ॲक्सिडेंट इज हॅपन्ड’ करतो, ‘घडला होता’चे ‘वॉज हॅपन्ड’. दिसायला हा पॅसिव्ह दिसतो, पण मुलाने पॅसिव्ह केलेलाच नसतो, त्याने पूर्ण काळ मराठी पद्धतीने लिहिलेला असतो. अशा मुलाला ‘हॅपनचा पॅसिव्ह होत नाही’ हे सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवे ते असे की ‘-ला आहे’, ‘-ली आहे’ला इंग्रजीत ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागते आणि ‘-ला होता’ला ‘हॅड’. एकच लाल रेघ, पण तिच्याखालचे आजार दोन वेगवेगळे.

भारतात सर्रास ऐकू येणाऱ्या ‘द रोड इज बीन बिल्ट’ या वाक्याचे मूळही इथेच आहे. कार्यालयांतल्या ईमेलमध्ये, सोसायटीच्या नोटिशीत, बातम्यांच्या पट्टीत ते दिसते. त्यातून आपल्या उच्चारात ‘बीन’ आणि ‘बीइंग’ इतके जवळ येतात की कान मदतीला येत नाही. यावर एक उपाय आहे आणि तो मराठीतच आहे. ‘रस्ता बांधला जात आहे’ हे वाक्य घ्या, ‘रस्ता’ बाजूला ठेवा आणि उरलेले तीन शब्द उजवीकडून डावीकडे वाचा: आहे, जात, बांधला. आता इंग्रजी पाहा: इज, बीइंग, बिल्ट. शब्दाला शब्द जुळतो. ‘आहे’ म्हणजे ‘इज’, ‘जात’ म्हणजे ‘बीइंग’, ‘बांधला’ म्हणजे ‘बिल्ट’. ‘बांधला जात होता’ उलटे वाचले की ‘वॉज बीइंग बिल्ट’. ‘बांधला जाईल’ उलटे वाचले की ‘विल बी बिल्ट’, कारण ‘जाईल’मध्येच ‘विल’ आणि ‘बी’ दोन्ही सामावले आहेत. ‘बांधला गेला आहे’ उलटे वाचताना फक्त एक पथ्य पाळायचे. शेजारी ‘गेला’ आला की ‘आहे’चा ‘हॅज’ करायचा: हॅज, बीन, बिल्ट. ‘जात’शी ‘बीइंग’, ‘गेला’शी ‘बीन’. क्रियापद मराठीत वाक्याच्या शेवटी आणि इंग्रजीत मधे येते, म्हणून सहायक शब्दांची रांग बरोबर उलटी लागते. बारा काळांचा तक्ता घोकण्यापेक्षा हे एक वाक्य फळ्यावर लिहून उलटे वाचून दाखवले, तर ‘इज बीन’ कशामुळे चुकते ते मुलाला डोळ्यांनी दिसते.

जाता जाता हेही सांगायला हवे की ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना इंग्रजीतही फार जुनी नाही. पूर्वी बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग’ अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले. रॉबर्ट सदी या कवीचे १७९५ मधले एक पत्र त्याचा सुरुवातीचा दाखला म्हणून नेहमी दिले जाते. पुढे पाऊण शतकाने, १८७० मध्ये, रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकी लेखकाने या रचनेवर पुस्तकातून कडाडून टीका केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाच जी गोष्ट पचायला एवढा काळ लागला, ती आपल्या नववीतल्या मुलीने एका तासिकेत आत्मसात करावी अशी अपेक्षा आपण धरतो.

आता सगळ्यांत मोठ्या गोंधळाकडे येतो. तो मुलांनी केलेला नाही, आपण मोठ्यांनी केला आहे.

जवळजवळ प्रत्येक मराठी गाईडात ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग असे समीकरण दिलेले असते. मराठीच्या तासाला त्याच मुलाने शिकलेले असते की ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. दोन तास जोडून त्याने निष्कर्ष काढला की ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणजे ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’, तर दोष कोणाचा? या हिशेबाने मराठीतला सकर्मक भूतकाळ जवळपास सगळाच पॅसिव्ह ठरतो. ‘मी चहा घेतला’, ‘आईने हाक मारली’, ‘आम्ही सिनेमा पाहिला’ ही सगळी वाक्ये इंग्रजीत ‘बाय’ लावून उलटी करावी लागतील.

हे नाव कर्मणी का पडले याला इतिहास आहे. संस्कृतातले ‘रामेण फलं खादितम्’ हे खरोखरच कर्मणी वाक्य होते. प्राकृतातून येता येता त्याचेच ‘रामाने फळ खाल्ले’ झाले. रूप तसेच राहिले, पण मधल्या शतकांत वाक्याचा धनी बदलला. आज मराठीत ‘रामाने आपले पुस्तक वाचले’ म्हटले की ‘आपले’ म्हणजे रामाचे, हे शेंबड्या पोरालाही कळते. ‘आपला’ हा शब्द वाक्यातल्या खऱ्या कर्त्याकडेच बोट दाखवतो. म्हणजे ‘-ने’ लागूनही राम आपल्या गादीवरच बसलेला आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र ‘बाय राम’ होताच राम गादीवरून उतरतो, दाराशी उभा राहतो आणि बहुतेक वेळा बाहेरच काढला जातो. मराठीतला प्रयोग सांगतो क्रियापद कोणाप्रमाणे बदलते ते. इंग्रजी व्हॉइस सांगतो कर्त्याच्या जागी कोण बसला आहे ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग मराठीत पॅसिव्हच्या जवळचे काय आहे? आहे ना, आणि रोजच्या वर्तमानपत्रात आहे. ‘तिघांना अटक करण्यात आली’, ‘निकाल जाहीर करण्यात आला’, ‘पुलाची दुरुस्ती करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते की’. ‘-ण्यात येणे’ म्हणजे करणारा महत्त्वाचा नाही, झालेले काम महत्त्वाचे. दुसरे ‘जाणे’ लावून होणारे रूप: ‘चोर पकडला गेला’, ‘असे मानले जाते’. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’मध्ये या दुसऱ्या रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हटले आहे, आणि इंग्रजी पॅसिव्हशी तिचे नाते आहे. पॅसिव्ह शिकवायचा तर मुलांच्या हातात सकाळचे वर्तमानपत्र द्यावे आणि ‘-ण्यात आला’, ‘-ला गेला’ खाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगावे. तेवढ्याच वाक्यांचे इंग्रजी करताना पॅसिव्ह आपोआप लागतो. ‘-ने’ असलेल्या वाक्यांना त्या दिवशी हातच लावू नये.

इथे कोणी विचारील की आपले काम एवढ्या कमी पॅसिव्हवर भागते, तर इंग्रजीला तो इतका का लागतो? कारण मराठीत शब्द हलवता येतात. गेटवे ऑफ इंडियाविषयी बोलत असू, तर आपण सहज म्हणतो, ‘गेटवेचा आराखडा जॉर्ज विटेट यांनी तयार केला.’ गेटवे पुढे आला, विटेट मागे गेले आणि क्रियापदाला कसलाही धक्का लागला नाही. कोणी केले हे ‘यांनी’वरून कळते, जागेवरून नाही. इंग्रजीत कर्ता ओळखायला जागेखेरीज फारशी खूण नाही. गेटवेला पुढे आणायचे तर क्रियापदाचे रूप बदलावेच लागते: ‘द गेटवे वॉज डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट.’ आणि तो १९२४ मध्ये खुला झाला हे सांगायचे असेल तर ‘इट वॉज ओपन्ड इन १९२४’ एवढे पुरे, कोणी खुला केला ते सांगायची गरज नाही. पहिल्या वाक्यात ‘बाय’ आहे कारण विटेट हीच नवी माहिती आहे. दुसऱ्यात नाही कारण तिथे नवी माहिती साल आहे. पॅसिव्हचे सगळे मर्म या दोन वाक्यांत आहे: आपण कोणाविषयी बोलतो आहोत त्याला पुढे ठेवायचे, आणि नवे काय सांगायचे ते शेवटी.

आपल्या परीक्षेतला ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न नेमके हेच मर्म काढून टाकतो. मागचे-पुढचे काही नसलेले एक सुटे वाक्य देतात आणि ते उलटे करायला सांगतात. ‘राम ईट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’. हे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी कधी येईल, सांगा पाहू? प्रत्येक उत्तरात ‘बाय’ लिहून मुलांना वाटू लागते की ‘बाय’ नसला तर पॅसिव्ह अपुरा. मग निबंधात ‘इट इज सेड बाय पीपल’, ‘द थीफ वॉज अरेस्टेड बाय द पोलीस’ असे येते. चोराला पोलीसच पकडणार, ते सांगायला कशाला हवे? प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात बहुतांश पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच. डग्लस बायबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या मोठ्या व्याकरणात मोजून दाखवले आहे की शास्त्रीय आणि विद्यापीठीय लेखनात सुमारे चौथाई क्रियापदे पॅसिव्ह असतात, तर गप्पांमध्ये शंभरात जेमतेम दोन. म्हणजे बोलायला शिकताना पॅसिव्हवाचून फारसे अडत नाही. प्रयोगवहीत, अहवालात, बातमीत मात्र तो हवाच.

प्रयोगवहीचेच घ्या. निळा लिटमस कागद आम्लात बुडवला आणि तो लाल झाला. मुलगी लिहिते, ‘द लिटमस पेपर वॉज डिप्ड इन द ॲसिड अँड इट वॉज टर्न्ड रेड.’ पहिला अर्धा भाग उत्तम. कागद कोणीतरी बुडवला, कोणी ते महत्त्वाचे नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात लाल होणे कोणी केलेले नाही, ते आपसूक झाले, म्हणून ‘इट टर्न्ड रेड’. तशीच चूक ‘द कलर वॉज चेंज्ड’ मध्ये. हे वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे, पण त्याचा अर्थ होतो ‘कोणीतरी रंग बदलला’. मराठीत आपल्याकडे अशा जोड्या तयारच आहेत: फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, सुटणे आणि सोडणे. ‘काच फुटली’ला ‘द ग्लास ब्रोक’, ‘काच फोडली गेली’ला ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. इंग्रजीत ‘ब्रेक’, ‘चेंज’, ‘टर्न’, ‘ओपन’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे वापरतात, म्हणून मुलगी गोंधळते. तिने स्वतःला मराठीत विचारावे: फुटली की फोडली? बदलला की बदलवला? उत्तर तिथेच मिळते.

आता एका अशा चुकीकडे येतो जिच्यामुळे केवळ गुण जात नाहीत, कधी कधी माणसाचे नुकसान होते. ‘मला दहा वाजता यायला सांगण्यात आले’ याचे इंग्रजी अनेक जण ‘आय टोल्ड टु कम ॲट टेन’ असे करतात. ‘वॉज’ गळाला आणि अर्थ पार उलटला. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण याची अदलाबदल झाली. ‘मला पैसे देण्यात आले नाहीत’चे ‘आय नॉट पेड’ किंवा ‘आय डिड नॉट पे’ होते, आणि तक्रारअर्ज लिहिणारा कामगार कागदावर स्वतःच पैसे बुडवणारा ठरतो. ‘मला धमकावले गेले’चे ‘आय थ्रेटन्ड’ झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. नोकरीसाठी परप्रांतात किंवा परदेशात गेलेल्या आणि वरिष्ठांना इंग्रजीतच लिहावे लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा ‘वॉज’ फार मोलाचा आहे.

ही चूक होण्याचे कारण ‘मला’ या शब्दात आहे. मराठीत ‘मला पुस्तक देण्यात आले’ म्हटले तरी ‘मला’ हा ‘मला’च राहतो, त्याचा ‘मी’ होत नाही. इंग्रजीत मात्र तो थेट ‘आय’ होऊन कर्त्याच्या जागी बसतो: ‘आय वॉज गिव्हन अ बुक.’ हजार वर्षांपूर्वीची इंग्रजीही याबाबतीत मराठीसारखीच होती. घेणाऱ्याची विभक्ती पॅसिव्हमध्येही तशीच राहत असे. पुढे इंग्रजीने विभक्तीचे प्रत्यय बहुतेक गमावले, तेव्हा वाक्याच्या सुरुवातीला बसलेला तो घेणारा हळूहळू कर्ताच मानला जाऊ लागला. शिकवताना एवढे ध्यानात ठेवावे की ‘मला सांगण्यात आले’, ‘मला देण्यात आले’, ‘मला विचारण्यात आले’, ‘मला बोलावण्यात आले’ या सगळ्यांची सुरुवात ‘आय वॉज’ अशी होते. ही चार वाक्ये मुलांच्या जिभेवर बसली तर बाकीच्या तक्त्याविना पुष्कळ भागेल.

‘मला कंटाळा आला’चे ‘आय ॲम बोरिंग’ होते तेही याच ‘मला’पायी. कंटाळा देणारी गोष्ट ‘बोरिंग’, ज्याला कंटाळा आला तो ‘बोर्ड’. इंटरेस्टिंग आणि इंटरेस्टेड, कन्फ्यूझिंग आणि कन्फ्यूझ्ड यांचेही तसेच. आणि ‘आय बॉर्न इन सातारा’ लिहिणाऱ्याला इतके सांगावे की ‘बॉर्न’ हे ‘बेअर’ म्हणजे जन्म देणे याचे तिसरे रूप आहे. आईने जन्म दिला, मला दिला गेला, म्हणून ‘आय वॉज बॉर्न’, आणि तोही भूतकाळातच.

राहता राहिली तिसऱ्या रूपांची गोष्ट: ‘वॉज रोट’, ‘वॉज टीच्ड’, ‘वॉज स्टोल’. इथे मात्र तर्क चालत नाही, पाठांतरच लागते. नेहमीची साठ-सत्तर अनियमित क्रियापदे पक्की केली की काम होते. ‘लुक्ड आफ्टर’, ‘लाफ्ड ॲट’ यांतले शेपूट पॅसिव्हमध्येही सोबत न्यायचे असते, ‘ही वॉज लाफ्ड’वर थांबायचे नसते. आणि ‘कन्सिस्ट’, ‘बिलाँग’, ‘रिझेम्बल’, ‘लॅक’ यांचा पॅसिव्ह होत नाही, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे.

पॅसिव्ह टाळाच असा सल्ला देणारेही बरेच भेटतात. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मधल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात, ॲक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये असा नियम दिला आणि तो आजवर उगाळला जातो. संगणकही पॅसिव्ह वाक्याखाली रेघ मारतो. जेफ्री पुलम या व्याकरणकाराने २०१४ च्या एका निबंधात दाखवून दिले की असे सल्ले देणाऱ्या नामवंतांना पुष्कळदा पॅसिव्ह ओळखताही येत नाही. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या गाजलेल्या शैलीपुस्तकात टाळण्याजोगी म्हणून दिलेल्या चार वाक्यांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच, असे तो सांगतो. जबाबदारी झटकण्यासाठी पॅसिव्हचा आडोसा घेतला जातो हे खरे, आणि ‘कार्यवाही करण्यात येईल’ वाचून आपल्याला ते चांगले ठाऊक आहे. तो दोष माणसाच्या हेतूचा आहे, रचनेचा नाही. ज्याला अजून ‘आय वॉज टोल्ड’ नीट लिहिता येत नाही, त्याला ‘पॅसिव्ह टाळ’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातले एक साधन काढून घेणे होय.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती आहे. येत्या चाचणीत ‘चेंज द व्हॉइस’ची दहा सुटी वाक्ये देऊ नका. एक बातमी द्या, एक प्रयोगवहीचे पान द्या आणि एक तक्रारअर्ज लिहून घ्या. त्यात ‘वॉज हॅपन्ड’ सापडले, तर रेघ मारण्याआधी त्या मुलाला विचारा, “बाळा, हे मराठीत कसं म्हणशील?” तो ‘झाला आहे’ म्हणाला तर ‘हॅज’ शिकवा. तो म्हणाला, “अपघाताने थोडंच काही केलं?” तर त्याला शाबासकी द्या आणि मग सांगा की तुझे म्हणणे बरोबर आहे, पण आजची इंग्रजी इथे ‘वॉज’ लावत नाही.